डोंगराची धाकटी

महाडच्या कॉलेजात मी भूगोल शिकवते आणि अभ्यास करते हिमालयातल्या दगडांचा. बाबा चिडवायचे, "पाय सावित्री नदीत नि डोकं बर्फात!" मी चिडायचेही. पण ते काम आहेच वेड लावणारं. हिमनदी मागे हटताना दगडगोट्यांचे ढीग टाकून जाते. उपग्रहावरचं रडार लहरी सोडतं, आणि परत येणाऱ्या लहरींवरून खालची जमीन किती खडबडीत ते कळतं. ताजा ढीग ओबडधोबड, म्हणून चित्रात लख्ख. जुन्याचे दगड झिजतात, फटींत माती भरते, तो काळपट दिसतो. वर्षं सांगता येत नाहीत, पण थोरला कोण नि धाकटा कोण ते उमगतं. रात्र असो, ढग असो, इतक्या उंचावरून दगडाचा खरखरीतपणा चाचपायचा! माझ्या अंगावर अजून काटा येतो.

बाबा मुंबईतून निवृत्त झाले आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत घर बांधायला निघाले. जागा कड्याखालच्या उतारावर. जन्म चाळीतल्या एका खोलीत गेलेला. आता पडवीत बसून सगळं खोरं बघायचं होतं त्यांना. पायाच्या आखणीच्या खुंट्या ठोकून झाल्या, गवंडी ठरला.

मला तिथले धोंडे खटकत होते. झाडोरा असला की रडार फसतं, म्हणून वैशाखातलं, रान उघडं पडलेलं चित्र काढलं. बघते तर काय! कड्यापासून दगडांच्या तीन जिभा खाली उतरलेल्या. एक काळपट, एक करडी, एक लख्ख. दरड तीनदा आली होती. लहानपणी सुट्टीत आलो की ज्याच्या पायथ्याशी आम्ही बिनघोर झोपायचो, तो डोंगर तीनदा चालला होता. भीती नंतर वाटली; आधी हात जोडावेसे वाटले. बाबांच्या खुंट्या त्या लख्ख जिभेवर होत्या.

रविवारी वाडी गाठली. बाबांना चित्र दाखवलं. त्यांनी लख्ख जिभेवर बोट ठेवलं.

"किती वर्सं झाली हिला?"

"ते नाही सांगता येत. तिघींत ही धाकटी, एवढंच."

"मग काय कामाचं तुझं रडार? माज्या आज्यानं पन दरड बघितली नाय."

"बांधा मग! बांधा खुशाल!" माझं डोकंच फिरलं.

ते उठले. काळपट जिभेवर गेले. तिथे माती होती, नाचणीचे जुने खुंट होते. तिथून परत आपल्या जागेवर आले. इथे धारदार कडांचे धोंडे, मधे पोकळ फटी. मीही मागोमाग फिरत होते. पायांखाली इतका प्रचंड डोंगर सांडलेला, आणि आम्ही त्यावर दोन मुंग्या.

बाबा एका धोंड्यावर टेकले.

"तीन पोरं झालेल्या घरात चौथं व्हनार नाय," ते हळूच म्हणाले, "असं कोन सांगंल गो?"

मी चित्र पिशवीत ठेवलं.

ते उठले, खोऱ्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

"लय बरं दिसतंय गो हितनं," म्हणाले, आणि खुंट्या उपटायला वाकले.