वंगण घातलेलं चाक

वडूजच्या अलीकडे मामाची वस्ती होती आणि वस्तीवरच्या विहिरीवर अजून मोट चालायची. आसपासच्या बहुतेकांनी इंजिनं बसवली होती, मामाचंही ठरत आलं होतं. सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा सांगलीचं घर सोडून पुण्यात ध्वनिमुद्रण शिकत होते. पोरीच्या जातीला हे कसलं शिक्षण, असं घरात सगळ्यांचं मत. ‘शिकू द्या तिला’ म्हणणारा एकटा मामा. मी नेमकं काय शिकते हे त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक छोटी फिल्म करायची होती. दिग्दर्शक माझ्याच वर्गातला मुलगा. फिल्ममध्ये संवाद नाहीत, निवेदन नाही, म्हणावी अशी गोष्टही नाही. एक माणूस, दोन बैल आणि एक मोट, बस्स. मामाच्या विहिरीवर चार दिवस चित्रीकरण झालं. कॅमेऱ्याचीच घरघर एवढी होती, की आवाज नंतर वेगळा घ्यायचा असं ठरलं. त्या चार दिवसांत मी मात्र एकच गोष्ट ऐकत बसले होते, मोटेचं चाक. बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊ लागले की ते असं काही करकरायचं, की दोन रानं पलीकडं ऐकू जावं. मी मनाशी पक्कं केलं, अख्ख्या फिल्मला हाच आवाज. कधी सावकाश, कधी भरभर, कधी उलटा फिरवून. आधी ते चाक वाटेल, मग एखादं जनावर, मग कुणीतरी रडतंय असं वाटेल.

दिग्दर्शकाला हे काही पटलं नव्हतं. त्यानं एका बासरीवाल्याला सोमवारचं बोलावणंसुद्धा धाडलं होतं. पडद्यावर शेतकरी दिसला की मागं बासरी, ही त्या काळातली रीतच, आणि त्या रीतीनं माझं डोकं उठायचं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तो म्हणाला की रविवारी संध्याकाळपर्यंत मला तुझा आवाज ऐकव, पटला तर बासरी नको. मी संस्थेचं टेपरेकॉर्डिंगचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून घेतलं, एस.टी.त पोरासारखं मांडीवर धरलं आणि शनिवारी दिवस मावळता मावळता वस्तीवर पोचले.

सकाळी आंघोळ करून विहिरीवर गेले तर काय बघते, माझ्यासाठी सगळी वस्ती गप्प झालेली. कुत्रं लांब बांधलेलं, कोंबड्या डालग्याखाली झाकल्या होत्या. शेजारच्या रानातल्या काकांना सांगून मामानं त्यांचं इंजिनही बंद करवलं होतं. ऊस वाळत असताना! एवढं कोण करतं कुणासाठी? मी कानाला हेडफोन लावला, यंत्र सुरू केलं, मामानं बैल हाकले. भरलेली मोट वर आली आणि चाक मुकाट्यानं फिरलं. करकर नाही की कुरकुर नाही.

चाक वाजत का नाही, असं मी विचारलं तर मामाचा चेहरा फुलला.

‘वाजंल कसं? चाकाला नवा कणा बसवलाय. वंगण बी चोपडलंय. त्या दिशी फिलमवाल्या पावण्यांम्होरं मला लय लाज वाटली बग.’

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भागात ज्याचं चाक करकरतं तो आळशी समजायचा. वाटेनं जाणारा माणूस हमखास बोलून जातो. आणि इथं तर भाची तो आवाज पुण्याला न्यायला आलेली. मामा असा आवाज नेऊ देईल होय? मी घाईघाईनं चाकाचा जुना लाकडी कणा मागितला. मामीनं शांतपणे सांगितलं की तो तिनं न्हाणीच्या चुलीत घातला आणि सकाळी माझ्याच आंघोळीचं पाणी त्यावर तापवलं.

मी बांधावर मटकन बसले. रडू येत होतं, राग येत होता, आणि कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. मामा जवळ येऊन उभा राहिला.

‘चुकलं व्हय गं माजं?’

व्हय म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तुम्ही मोट हाणा, जे मिळेल ते मी घेते, असं म्हणाले. मायक्रोफोन चाक पेलणाऱ्या लाकडाला बांधला, वायर लांबवर सोडली आणि हेडफोन लावून बांधाआड जाऊन बसले. पहिल्यांदा नाड्याचा ओला दोर ऐकू आला, दगडाला घासणारं मोटेचं कातडं, थारोळ्याच्या दगडी कुंडात आदळणारं पाणी. मग मामाचा आवाज आला, अगदी हळू. तो बैलांशी बोलत होता. चाकाच्या करकरीखाली हे बोलणं इतकी वर्षं कुणालाच ऐकू आलेलं नव्हतं.

‘इंजान येतंय. येऊ द्या. तुमास्नी बाजाराला न्हेनार न्हाई. कोन काय बी बोलू द्या.’

इंजिन आलं की बैल काढून टाका, असं घरात सगळे त्याच्या मागं लागले होते. त्यानं कुणालाच उत्तर दिलं नव्हतं. ते त्यानं बैलांना दिलं होतं आणि चुकून मी ऐकलं होतं. बांधाआड बसून मी पोटभर रडले, पण हे रडणं वेगळं होतं.

ते शब्द मामाचे आणि बैलांचे होते, ते परक्या माणसांनी ऐकावेत हे मला नको होतं. म्हणून पुण्यात येताच मी टेप निम्म्या गतीनं फिरवली. शब्द विरघळून गेले, नुसता सूर उरला. खोल, लांबलचक, जणू विहीरच बैलांची समजूत काढते आहे. त्यावर पाण्याचा आवाज बसवला आणि संध्याकाळी दिग्दर्शकाला ऐकवला. त्यानं पुन्हा लावायला सांगितला. मग चपला घातल्या आणि बासरीवाल्याला उद्या येऊ नका म्हणून सांगायला गेला. पुढं फिल्म दाखवली तेव्हा आमच्या सरांनी विचारलं, हे कुठलं वाद्य? मी म्हणाले, माझा मामा.

त्यानंतर आयुष्यभर मी आवाजाचंच काम केलं, आणि त्या कामावर माझं पोट चाललं. मामानं वंगण घातलं नसतं तर मी करकर घेऊन आले असते आणि स्वतःला फार शहाणी समजले असते. त्या वंगणाचे उपकार मी कधी विसरले नाही.

उन्हाळ्यात यंत्र पुन्हा मागून घेऊन वस्तीवर गेले. इंजिन बसलं होतं. दोन्ही बैल गोठ्यात रवंथ करत होते. मामा-मामी घोंगडीवर बसली आणि मी टेप लावली. मामाला आपला आवाज ओळखू येतो की काय, या धास्तीनं मी त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यानं मान खाली घालून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. टेप संपल्यावर मामीकडे वळून तो ऐटीत म्हणाला,

‘आयकलंस? चाक कुटं वाजतंय का?’

‘नाही वाजत, मामा,’ मी म्हणाले.