टुचुक डॉक्टर आणि आम्हा आयांचे जंतू

टुचुक डॉक्टर मूल तपासायला घेतलं की आधी त्याचे तळपाय बघत. ताप असो, खोकला असो, नुसतं वजन करायचं असो, पहिली नजर पायांकडे. चालत्या मुलाचे तळवे मळलेले निघाले की त्यांचा चेहरा खुलायचा. गुलाबी आणि लख्ख निघाले, की चष्मा कपाळावर सरकवून ते आईकडे असे बघत, जणू तिनं पोराला दोन दिवस उपाशी ठेवलंय.

जळगावात मेहरूणला तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली त्यांचा दवाखाना आणि वर घर. पाटीवर नाव, पदव्या, वेळा, सगळं होतं. पण ती पाटी कुणी वाचत नसे. इंजेक्शन देताना ते मुलाच्या कानाशी 'टुचुक' म्हणत. मात्र सुई आत जाऊन बाहेर आली की मगच. 'टुचुक' ऐकून पोर रडायची तयारी करी, तोवर काम आटोपलेलं असे आणि रडायला काही कारणच उरत नसे. म्हणून मुलांचे ते टुचुक डॉक्टर. आम्ही आयाबाया त्यांना तोंडावर आबा म्हणत असू आणि पाठीमागे टुचुक.

आम्ही धुळ्याहून बदली होऊन जळगावला आलो तेव्हा ओवी दीड वर्षाची होती. तिचा जन्म कोरोनाच्या काळातला. तेव्हा लागलेल्या सवयी माझ्या अंगात मुरून बसल्या होत्या. मी दाराच्या कड्या पुसायची, कोथिंबिरीची पानं वेगवेगळी धुवायची, ओवीचा चमचा खाली पडला की त्याला उकळत्या पाण्यात घालायची. बारशाला आलेल्या सख्ख्या मावशीला मी बाळापासून चार हात लांब, जिन्यात बसवून चहा दिला होता. ती अजून सगळ्या लग्नांत हे सांगते.

तर अशा अवस्थेत मी ओवीला आणि तिच्या बाबांना घेऊन आबांकडे गेले. एप्रिलचा महिना, जळगावचं ऊन, आणि ओवीच्या पायांत मोजे. आबांनी मोजे काढले, तळवे बघितले आणि ओवीच्या बाबांना विचारलं, "ही चालते का?"

"चालते की."

"कुठे? हवेत?"

ओवीचे बाबा हसले. मला मात्र राग आला. जंतूंचं काय, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. आबा म्हणाले, "ताई, जंतू तिच्या पोटात आहेत, माझ्या आहेत, तुमच्याही आहेत. सगळे बठ्ठे काही गुंड नसतात." मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली : सकाळ-संध्याकाळ अंगण. औषध दुकानदारानं ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि हे आपल्याकडे मिळत नाही म्हणून गंभीरपणे परत दिली.

शहरी आयांशी ते आमच्यासारखं बोलत. खेड्यातून आलेल्यांशी अहिराणीत. ते मूळचे पिंपळनेरकडचे. पारोळ्याकडची एक तरुण आई एकदा माझ्यापुढे होती. पोरानं शेतातली माती तोंडात घातली म्हणून ती रडकुंडीला आली होती. आबांनी पोराचं पोट दाबून पाहिलं, खालची पापणी ओढून डोळे पाहिले, आणि तिला म्हणाले, "भ्याऊ नको, माय. पोऱ्या चांगला शे." ती गेल्यावर मी विचारलं, माती खाल्लेली चालते का? ते म्हणाले, एकदा चाखली तर चालते. रोज मागायला लागला तर त्याच्या रक्तात काहीतरी कमी आहे, मग माझ्याकडे आणायचं. घाबरायचं कधी आणि हसायचं कधी, हे त्यांच्याकडे असं वाटून ठेवलेलं असे.

कारण घाबरायच्या जागी ते फार कडक होते. संडासहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबणानं हात धुतलेच पाहिजेत. तान्ह्या बाळाला पाणी द्यायचं ते उकळूनच, आणि तेही सहा महिन्यांनंतर. लसवाल्या मुलांनी सकाळी यायचं, तापवाल्यांनी संध्याकाळी. चुकून कुणी उलटं आलं तर ते त्याला बाहेर निंबाखाली बसवून तिथेच तपासत. आणि सर्दी झालेला एखादा काका बाळाचा मुका घ्यायला वाकला, तर त्या काकाची धडगत नसे. एका आमदारटाइप पांढऱ्या कपड्यांतल्या गृहस्थाला त्यांनी तपासणीच्या खोलीतून बाहेर काढलं होतं. तो म्हणे, मी आजोबा आहे. आबा म्हणाले, नाक पुसून झालं की पुन्हा व्हा.

ओवी दोन वर्षांची असताना मी तिला घेऊन सोनगीरला माहेरी गेले. तिथे तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर आले तर ओवी आणि आईकडचं कुत्रं एकाच भाकरीवर बसलेले. एक घास हिचा, एक त्याचा, आणि दोघांत कसलाही तंटा नाही. मी ओवीला उचललं, तिचं तोंड तीनदा धुतलं आणि आबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुत्र्याला काही झालं का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांचा आवाज बदलला. त्यानं चावलं का, दात लागला का, कुठे ओरखडा आहे का, हे त्यांनी एकेक करून विचारलं. पायांच्या बोटांपर्यंत बघून या म्हणाले आणि मी बघून येईपर्यंत फोन धरून थांबले. तसं काही असतं, तर जखम साबणानं धुऊन, आहात तशा धुळ्याला निघा आणि लस घ्या, असं सांगणार होतो म्हणाले. तसं काही नव्हतं. मग त्यांनी भाकरी कशाची होती ते विचारलं. मी म्हटलं, कळण्याची, ज्वारी-उडदाची. "मग कुत्र्याला दोष देता येत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझी आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती हसत होती हे मला पाठीवरून कळलं.

पण आमच्या शेजारच्या वहिनींपुढे मी बालवाडीत होते. त्या मुलाची खेळणी रोज धुऊन दोरीवर वाळत घालत. गच्चीत हत्ती, घोडे, रेल्वेचे डबे कानाला चिमटे लावून लटकलेले असत. त्यांनी मुलाची गोवराची लस पुढे ढकलली होती. कारण काय, तर दवाखान्यात आजारी मुलं येतात, तिथे जंतू असतात. महिने गेले तरी ती पुढेच जात राहिली. हे माझ्या तोंडून आबांसमोर निघालं. मी हसत सांगत होते, पण ते हसले नाहीत. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. कोणत्या जंतूला घाबरायचं तेच उलटं झालं, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बर्फाच्या डब्यात लस घेऊन स्कूटरवरून वहिनींच्या दारात हजर झाले. वहिनी जाळीच्या दाराआडून म्हणाल्या की, आबा, तुम्ही दिवसभर आजारी मुलांत असता. आबा म्हणाले, "खरं आहे. चप्पल बाहेर काढतो, हात धुतो, सांगशील तर आंघोळ करतो. पण टुचुक केल्याशिवाय जात नाही."

वहिनींनी ते अक्षरशः घेतलं. त्यांना अंगणातल्या नळावर हातपाय धुवायला लावले, डोक्याला त्या स्वतः स्वयंपाकात घालत ती टोपी घातली, अंगावर वहिनींच्या नवऱ्याचा धुतलेला झब्बा चढवला. नवरा अंगानं काडी, आबा चांगले भरलेले. झब्बा छातीवर अडकला. त्याच अवतारात त्यांनी लस दिली, योग्य वेळी टुचुक म्हणाले, आणि मुलाला काही त्रास होत नाही ना हे बघायला अर्धा तास थांबले. वहिनींनी चहा दिला तो उकळत्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या कपात. कप त्यांना धरवेना, ठेवायला जागा सापडेना. ते कप या हातातून त्या हातात नाचवत राहिले. बाहेर आल्यावर झब्बा काढायला वहिनींना आणि शेजारून बघत असलेल्या मला, दोघींना मिळून जोर लावावा लागला.

आणि मग आबांना नात झाली.

त्यांची मुलगी नाशिकहून बाळंतपणासाठी आली होती. बाळ दिवस भरायच्या खूप आधी जन्मलं. एवढंसं, तळहाताएवढं. काही आठवडे ते इस्पितळात काचेच्या पेटीत होतं. त्या काळात आबा दवाखाना उघडत, मुलं तपासत, पण कुणाचे तळवे बघत नसत आणि टुचुक म्हणायचं विसरत. बाळ घरी आलं तेव्हा काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, दवाखान्यात पेढे वाटले. आम्हाला वाटलं, आता आपले आबा परत येणार.

आले ते भलतेच कुणीतरी. मागच्या मोरीत आंघोळ केल्याशिवाय ते वर जात नसत. जिन्यात साबणाच्या बाटल्या मांडलेल्या. काकूंच्या भजनी मंडळाला फाटकातून परत पाठवलं. दूधवाल्याला खोकला झाला तर दूधवाला बदलला. सुरुवातीला हे बरोबरच होतं, बाळ नाजूक होतं. पण महिने गेले. नात बाळसं धरून टम्म झाली, गालांवर वळ्या आल्या. तिला बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आबांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी आता नेहमीची काळजी पुरे म्हणून सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि जिन्यात आणखी एक बाटली ठेवली.

आम्हा आयांमध्ये खसखस पिकली. जिच्या तिच्या तोंडी तेच. वहिनी तर म्हणाल्या, आता त्यांना टोपी मी पाठवते. एका संध्याकाळी मात्र काकूंनी मला जिन्यात गाठलं. त्या म्हणाल्या, सगळे हसताहेत ते ठीक आहे, पण यांनी पोरीला अजून एकदाही घेतलेलं नाही. दिवसभर खोकणारी मुलं हाताळतो म्हणतात आणि दारात उभं राहून बघतात. ती यांच्याकडे बघून हसते, आणि हे मास्कच्या आत हसतात. तिला दिसत कुठे?

मी चिडवायच्या तयारीतच वर गेले. आता थट्टा करायची वेळ माझी होती. काकूंनी मला हात धुवायला लावले, तेवढं झालंच. आबा खोलीच्या उंबऱ्यावर उभे होते. आत नात पाय झाडत पडली होती. मी त्यांच्याच आवाजात चौकशी सुरू केली. ताप आहे? नाही. दूध पिते? पिते. वजन? वाढतंय. सू, शी? व्यवस्थित. मग मी म्हटलं, "आबा, बाळ छान आहे. तपासायचं तुम्हाला आहे."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तू सांगतेस ते मीच तुला शिकवलंय, माय. पण पेटीत होती तेव्हा तिची छाती कशी वरखाली व्हायची, ते मी बघितलंय."

मी शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिले. काकूंनी मात्र वाट बघितली नाही. त्यांनी आबांच्या तोंडावरचा मास्क ओढून काढला, खांदा दाबून त्यांना खुर्चीत बसवलं आणि नात मांडीत ठेवून दिली. आबांचे दोन्ही हात वर, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे. हजारो मुलं हाताळलेला माणूस, पण मूल कसं धरतात हे विसरलेला. नातीनं त्यांची मिशी पकडली. मग त्यांचा एक हात हळूहळू खाली आला, आणि तिनं त्यांची करंगळी धरून सरळ तोंडात घातली.

आबांनी श्वास रोखून काकूंकडे बघितलं. "धुतलेत ना मी हात?"

"सालं निघेस्तोवर," काकू म्हणाल्या.

मी जिना उतरून आले. त्यांचा चेहरा मला त्या वेळी बघायचा नव्हता.

त्यानंतर आबांत एक फरक पडला. ते पूर्वीसारखेच टवाळ झाले, पण आधी ऐकून घ्यायला लागले. एखादी नवी आई घाबरीघुबरी होऊन आली की ते तिला बसवत, पाणी देत, तिची सगळी यादी संपू देत. थट्टा मग करत, तीही ती स्वतः हसायला लागल्यावर. मी एकदा विचारलं की हे काय नवीन. ते म्हणाले, इतकी वर्षं मला वाटायचं या बायकांना कळत नाही. कळत असतं. कळून उपयोग नसतो.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी दवाखाना बंद केला आणि दोघं नाशिकला मुलीकडे राहायला गेले. निरोप द्यायला इतक्या आया आणि इतकी मुलं जमली, की त्या गर्दीत कोण लसवालं आणि कोण तापवालं याचा काही पत्ता नव्हता. आबा मात्र मधूनच कुणाचं तरी नाक बघून त्याला निंबाखाली पाठवत होते. ओवीनं त्यांना विचारलं की आता टुचुक कोण म्हणणार. ते म्हणाले, नव्या डॉक्टरांना शिकव.

गेल्या आठवड्यात ओवीला ताप आला. नव्या डॉक्टरांनी औषध दिलं होतं, ताप उतरत होता, तरी मला राहवेना. मी नाशिकला फोन केला. काकूंनी उचलला. आबा आहेत का म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आहेत, पण जेवायला बसलेत. दुपारचे चार वाजले होते. मी म्हटलं, आत्ता? काकू म्हणाल्या, खाली बागेत. नातीनं मातीचा भात केलाय, पिंपळाच्या पानावर वाढलाय आणि समोर बसून आहे. हे डोळा चुकवून टाकायला गेले की ओरडते.

थोड्या वेळानं आबा फोनवर आले. ओवीचं सगळं विचारून घेतलं, पाणी पिते का, खेळते का, आणि नव्या डॉक्टरांचं बरोबर आहे असं सांगितलं. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, आबा, भात कसा होता?

ते काहीतरी चघळून थुंकल्यासारखा आवाज आला.

"जरा कच्चा राहिला होता," ते म्हणाले. "ठेवतो, माय. इकडे आग्रह चाललाय."