जे तपासणीला आले नाहीत

तुम्हा दोघा नातवंडांना हे लिहायला बसले आहे, कारण मागच्या आठवड्यात तुमच्या बाबांचा फोन आला होता. तिकडच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, वडिलांना प्रोस्टेटचा त्रास होता का, ऑपरेशन झालं होतं का, नंतर काही बिघडलं का. बाबा गाडी चालवत होते, मी बरा आहे म्हणाले. "हो, झालं होतं, नंतर थोडा त्रास झाला, मग बरं वाटलं," एवढं सांगून मी फोन ठेवला. ठेवल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. कपाट आवरून झालं, डबे पुसून झाले, तरी मन तिथेच. आपल्या घरात पूर्वी एकदा "थोडा त्रास" असंच म्हटलं गेलं होतं आणि ते फार महागात पडलं होतं. तेव्हा आता सगळं नीट सांगते. बाबांनाही वाचून दाखवा.

तुमच्या जन्माआधी मी नोकरी सोडली होती, म्हणून तेवढं आधी. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक हॉस्पिटलात, मूत्रविकारांच्या विभागात मी स्टेनो होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे वैद्यकीय शब्द मला जड गेले नाहीत. विभागाचे प्रमुख सर्जन, त्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू, स्वतःच्या कामाची झाडाझडती घेणारे गृहस्थ होते. पोट न चिरता दुर्बिणीतून प्रोस्टेट काढण्याची पद्धत तेव्हा आमच्याकडे रुळत होती. त्या माणसांचं पुढे काय होतं, हे सरांना शोधायचं होतं. कोणाला रक्त जातं, कोणाला जंतुसंसर्ग होतो, कोणाची लघवीची वाट आतून आकसते, कोणाला लघवी धरवत नाही. ऑपरेशन छान झालं असं थिएटरच्या दारात सांगणं सोपं असतं, वर्षानंतर विचारा, असं ते म्हणत.

प्रत्येक रुग्णाला ठरावीक महिन्यांनी कार्ड टाकून तपासणीला बोलावत. काही येत, पुष्कळ येत नसत. सर यावर वैद्यकीय मासिकासाठी लेख लिहीत होते. न आलेल्यांचं त्यात काय करायचं, हा प्रश्न होता. सरांचं उत्तर तेव्हा सगळ्यांना पटलं. त्रास असला की माणूस धावत येतो. आला नाही, त्या अर्थी घरी सुखात आहे. ते वाक्य मी सुबक इंग्रजीत टाइप केलं.

तुमच्या आजोबांचं ऑपरेशनही सरांनीच केलं. आम्ही गिरगावची खोली सोडून मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आलो त्यानंतर थोड्याच वर्षांनी, हे नुकतेच सरकारी खात्यातून निवृत्त झाले असताना. शेजारच्या खाटेवर भाईंदरजवळच्या राई गावचे एक गृहस्थ होते. घरचं मिठागर, भातशेती, त्यातली काही जमीन बिल्डरला दिलेली, आवाज सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढा. आजोबांनी आधी त्यांच्याकडे पाठ फिरवली, मग पत्त्यांचा डाव पडला आणि घरी जाताना दोघं एकाच टॅक्सीत बसले.

सुरुवातीचे महिने बरे गेले. मग हळूहळू काहीतरी बदललं, आणि इथेच आम्ही सगळे फसलो.

आमच्या इमारतीत नळाला पहाटे जेमतेम पाणी येई, बाकी भरवसा टँकरवर. कोणी किती बादल्या भरल्या, याच्यावर सगळ्या जिन्याचा डोळा. अशा ठिकाणी तुमच्या आजोबांनी पाणी पिणं कमी केलं. जेवताना अर्धा पेला. ताक बंद, दुपारचा चहा बंद. कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. उलट सोसायटीच्या सभेत आमचे सेक्रेटरी, गुजराती गृहस्थ, सगळ्यांशी हिंदीत बोलायचे, ते म्हणाले, "पानी बचाना है तो अंकल से सीखो." टाळ्या पडल्या. हे मान खाली घालून बसले होते. मला तो विनय वाटला.

तेच आजोबा पहाटे पाणी आलं की माझ्या आधी उठत, बादली भरत आणि स्वतःचे कपडे स्वतः धुऊन वाळत घालत. जन्मात रुमाल न धुतलेला माणूस. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "तुमचं नशीब थोर हो. आमचे निवृत्त झाले आणि फर्माइशी तेवढ्या वाढल्या." मी आपली हसले आणि कामावर गेले.

पुढे ते घराबाहेर पडेनात. वाचनालय सुटलं, संध्याकाळचं फिरणं सुटलं. घरातल्या घरात फेऱ्या, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून बाथरूमपर्यंत. बाथरूमची कडी लागे. आत बराच वेळ काही ऐकू येत नसे. कडी निघे आणि दहा पोळ्या व्हायच्या आत पुन्हा लागे. माझे हात कणकेत आणि कान त्या कडीकडे. विचारलं की म्हणत, थोडा त्रास व्हायचाच, वय झालं. तपासणीचं कार्ड आलं की म्हणत, मी ठणठणीत आहे, सरांचा वेळ कशाला खाऊ. सरांनी मला कधी विचारलं नाही. रुग्ण बाईंच्या घरातच आहे, काही असतं तर त्या बोलल्या असत्या, असं त्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं की काही असतं तर हे बोलले असते.

एका रविवारी राईचे गृहस्थ, आम्ही त्यांना राईकरच म्हणत असू, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. कोचावर बसायच्या आधी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल चार घड्या करून खाली घातला. मला वाटलं, शेतातून आलेत, कोच मळू नये म्हणून. मी दोघांना पाणी दिलं. दोघांनीही ते तसंच ठेवलं. राईकरांनी आधी स्वतःच्या पेल्याकडे बघितलं, मग यांच्या, आणि हसले.

"सायेब, तुमी बी न्हाय पीत?"

हे म्हणाले, तहान नाही.

"मना तं लय तहान लागते. पन प्यालो का धोतर गेला."

मी सरबताच्या निमित्ताने उठत होते, तर त्यांनी मला बसवलं. "वयनी, बसा. तुमी हास्पिटलातल्या. तुमच्यासमोर कसली लाज?" मग त्यांनी सगळं सांगितलं, भाताचं पीक कसं आलं ते सांगावं तसं. जोर करावा लागतो, धार दोऱ्यासारखी, पोट रिकामं झाल्यासारखं वाटत नाही, आणि मग दिवसभर कपड्यात थेंब थेंब. मी विचारलं, मग तपासणीला का आला नाहीत?

"येऊ कसा? गारीन बसलो का बोरिवलीला उतरावा लागतं, मंग अंधेरीला. एकदा कपरं भिजली, तवापासून न्हाय गेलो. सून बोलते, कार्ड आलाय, जा. मी बोललो, बरा हाय मी."

हे खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "माझंही तसंच आहे."

हे त्यांनी राईकरांना सांगितलं, मला नाही.

त्यानंतर मला ते दोघं काय बोलले ते आठवत नाही. लघवीची वाट आकसली, मूत्राशय नीट रिकामं होईना, की दाब वर जातो आणि मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. हे मी इतक्या वेळा टाइप केलं होतं की न बघता बोटं चालत. संध्याकाळी मी म्हटलं, उद्याच जाऊ या, टॅक्सीने. ते म्हणाले, टॅक्सीत झालं तर? आणि मग खरं कारण बाहेर आलं. "त्या हॉस्पिटलात शिपाईसुद्धा मला तुझा नवरा म्हणून ओळखतो. मी येणार नाही." मी रागावले, रडले. हे फेऱ्या घालत राहिले.

सोमवारी लेखाची शेवटची प्रत सरांच्या टेबलावर सहीसाठी होती. मी दार लावून घेतलं.

"सर, जे आले नाहीत ते सगळे बरे नाहीत. ज्यांना धरवत नाही, त्यांना इथवर येताच येत नाही."

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी?"

मी हो म्हटलं. ते उठून खिडकीपाशी गेले, परत आले, लेखाची पानं उलटी करून ठेवली. मग त्यांनी दहिसरच्या पलीकडे राहणाऱ्या, न आलेल्या सगळ्यांचे पत्ते काढायला सांगितले. ते येऊ शकत नसतील तर आपण जाऊ, म्हणाले. त्यांचे हाताखालचे डॉक्टर नाखूश झाले. लेख पाठवायची वेळ आली आणि आता हे काय नवीन, अशी कुजबुज मी ऐकली. मला एकेक दिवस जड जात होता, आणि त्यांना लेखाची पडली होती.

जागेचा प्रश्न राईकरांनी सोडवला. "पडवी मोठी हाय, मागं दोन संडास हायत, विहिरीला पानी हाय. मानसां जमली तं गाव बोलंल, पोरीचा लगीन ठरतंय." कार्डावर आम्ही फक्त घर, रविवार आणि वेळ लिहिली. कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात. आजाराचं नाव लिहिलं असतं तर कोणी फिरकलं नसतं.

त्या रविवारी सकाळी मी तयार झाले तरी हे अंगावरच्या घरच्या कपड्यांतच. "तू जा," म्हणाले. मला जावंच लागलं, नोंदी करायला मीच होते. राईकरांच्या पत्नीने फाटकात पाट टाकून बसकण मारली आणि गावातल्या एकाही बाईला आत सोडलं नाही. मला माजघरात, पडद्याआड बसवलं. पुरुष येत होते. भाईंदरचे एक मास्तर, खाडीकडचे दोघं भाऊ, तारोडीचा एक म्हातारा कोळी. प्रत्येकाला पाणी प्यायला देत, मग मागे पाठवत, काचेच्या भांड्यात किती झाली आणि किती वेळ लागला ते बघत, मग सर पोटावर हात ठेवून तपासत. एकेकाचा आवाज मला पडद्यातून ऐकू येई, मी लिहून घेई, आणि पान उलटलं की फटीतून रस्त्याकडे बघे. दुपार झाली. राईकर मध्येच कुठे गेले ते दिसेनात. जेवणाचं बघायला गेले असतील, असं मला वाटलं.

मग फाटकाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून राईकर उतरले, त्यांच्यामागून तुमचे आजोबा.

ते कसे आले, हे राईकरांनी मला नंतर सांगितलं. मिठाच्या राशीवर टाकायचं जाड प्लास्टिक त्यांनी रिक्षाच्या सीटवर पसरलं, त्यावर गोणपाट. रिक्षावाल्याला म्हणाले, ह्या माझ्यासाठी हाय. स्वतः आधी बसून दाखवलं. आमच्या खिडकीखाली जाऊन हाक मारली, "सायेब, या खाली. जागा केलीय." दोनदा हाक मारावी लागली.

सरांनी आजोबांच्या पोटावर हात ठेवला आणि तिथेच थांबवला. लघवी करून आल्यावरही मूत्राशय बेंबीपर्यंत भरलेलं होतं. पुढच्या तपासणीला थांबायला सर तयार नव्हते. त्यांनी स्वतःच्या गाडीत आजोबांना आणि तशीच अवस्था झालेल्या राईकरांना व तारोडीच्या म्हाताऱ्याला घातलं. सीटवर तेच प्लास्टिक. मी पुढे बसले. वाटेत तिघं मिठाच्या भावावर बोलत होते आणि मी डॅशबोर्डवर बोटं वाजवत होते, ती सरांनी एकदा हाताने थांबवली.

आकसलेला भाग दुर्बिणीतून उघडावा लागला, तिघांचाही. आजोबांचं डावं मूत्रपिंड गेलंच होतं. उजवं सुजलेलं होतं, ते वाचलं, आणि त्याच्यावर ते पुढे बरीच वर्षं जगले. तुमच्या बाबांच्या लग्नात नाचले, ते त्याच्यावरच. पाणी भरपूर प्यायला लागले तेव्हा सेक्रेटरी आमच्या दारात येऊन म्हणाले, "अंकल, टैंकर महँगा हो गया है." आजोबा त्यांच्यासमोर आणखी एक पेला प्यायले.

लेख नव्याने लिहिला. निकाल पहिल्यापेक्षा वाईट होते, कारण आता ते पूर्ण होते. सरांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी विचारलंच, आपल्याच हाताने आपलं नाव का खराब करता? सरांनी मला मसुद्यातून ते जुनं वाक्य काढायला सांगितलं आणि सही केली.

बाबांना सांगा, ऑपरेशन करायचं तर जरूर करावं, चांगलं ऑपरेशन आहे, आणि आता साधनंही पुष्कळ सुधारली आहेत. पण नंतर धार बारीक झाली, कपडे ओले व्हायला लागले, पाणी नकोसं झालं, तर त्याच आठवड्यात बोलावं. कोणाशीही. तुमच्या आईशी बोलवत नसेल तर मित्राशी. आणि तुम्हीही जरा बघत राहा. फोनवर बाबा "मी बरा आहे" म्हणाले, तेव्हापासून मी रोज त्यांना एक मेसेज टाकते आहे, पाणी किती प्यायलात म्हणून. उत्तर येत नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.

सर आता नाहीत, तुमचे आजोबा नाहीत, राईकरही नाहीत. राईकरांच्या पडवीतली तपासणी त्या रविवारनंतरही चालू राहिली; मग घर पाडून तिथे इमारत झाली. तळमजल्यावरची एक खोली त्यांच्या सुनेने कोणाला विकू दिली नाही. महिन्यातल्या एका रविवारी तिथे अजून डॉक्टर बसतात.