दहाची पॅसेंजर

आमच्या वाडीत तिला नाव पडलं होतं 'कसंकळलं'. धारवाडला वकिली शिकणारी विशीतली पोर. अपराध नसताना शिक्षा झालेल्यांची जुनी प्रकरणं तपासायला कॉलेजातर्फे कॅसलरॉकला यायची. कोणी काही सांगितलं, की तिचा एकच प्रश्न. चहावाला म्हणाला, दूध ताजं आहे. "कसं कळलं?" तो म्हणाला, "म्हैस घरची हाय बाई. तिलाच इचारा जा." ती खरंच गोठ्यात जाऊन आली.

उत्तर पुरतं ऐकल्याशिवाय ती पेनाचं टोपण काढायची नाही.

तिचं प्रकरण विठूचं. कुंभारवाड्याचा, जंगलात मजुरी करणारा. रुळांजवळच्या वाटेवर सकाळी दहाच्या सुमाराला एका लाकूड व्यापाऱ्याचा खून झाला. त्या वेळी विठूला तिथे पाहिलं, ही साक्ष माझी. विठू सांगत राहिला, मी दुपारच्या बसने आलो. कोणी मानलं नाही. अकरा वर्षं तो आत होता.

"तेव्हा दहा वाजले होते हे कसं कळलं, अज्जा?"

"पॅसेंजर गेली की. आमचं घड्याळ तेच."

"तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"भात खाऊन हात धूत होतो."

"दहाला भात?"

मग मी सांगितलं. त्या दिवशी गाडी तीन तास उशिरा होती, म्हणजे विठू दिसला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कोर्टातही मला ते ठाऊक होतं. सरकारी वकिलाने विचारलं, "पॅसेंजर गेली म्हणजे दहाच ना?" समोर फौजदार बसला होता. मी 'व्हय' म्हणालो. भ्यालो होतो. दुसरं कारण नाही.

तिने टोपण काढलं नाही. "अज्जा, हे लिहिलं तर खोट्या साक्षीचं तुमच्यावर येऊ शकतं. घरी बोला. मी उद्या येते."

"आणि मी न्हाई म्हटलं तर?"

"तर विठूला काय सांगायचं, ते तुम्हीच मला सांगा."

दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीआधी मी फलाटावर होतो. "लिही, पोरी."

गाडीच्या उशिराची जुनी नोंद तिने रेल्वेकडून शोधून आणली. विठू सुटला. ती परीक्षेला गेली, ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी दारात तोच प्रश्न विचारत असेल.

विठू कधीतरी त्याच वाटेने जातो. माझ्याकडे बघत नाही, आणि ते बरोबरच आहे. टपरीवर मात्र कोणीतरी म्हणतं, "अज्जा भला माणूस. शेवटी खरं बोलला."

मी विचारतो, "तुला कसं कळलं?"