शिवेवरची बाज

साहेबाच्या कोंबड्यांची गोष्ट मी कैक लग्नांत सांगितली आहे. दर लग्नात अंडी वाढतात. खरं तर अंडं एकच होतं. पण माणसं हसायला लागली की खरं कोण सांगत बसतो?

निजामाच्या राज्यात साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचं सामान बेगारीवर चालायचं. बेगार म्हणजे फुकट हमाली, आणि ती आमच्याच वस्तीच्या खांद्यावर. पेटारे, तंबू, हुक्का, कोंबड्यांचं खुराडं, झोपायची बाज; एकदा तर, देवाशपथ, आंघोळीचं घंगाळ गरम पाण्यासकट नेलं. रिवाज असा, की वरच्या गावानं ओझं शिवेच्या दगडापाशी ठेवायचं, हाळी द्यायची आणि माघारी फिरायचं. तिथून पुढं आमी.

माझा थोरला भाऊ सेलूला कापसाच्या जिनात कामाला होता. तिथला संप बघून गावी आला तो निराळाच होऊन. म्हणायचा, हे राज्य आपल्या खांद्यावर उभं आहे. खांदा काढून तर बघा. वस्तीनं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली : हाळी आली तरी शिवेवर कुणी जायचं नाही.

पहिल्या खेपेला सामान उन्हात पडून राहिलं. माझ्या सांगण्यात कोंबड्या साहेबाच्या टोपीत अंडी घालतात, पिलं निघतात आणि पिलं सलाम ठोकायला शिकतात. शेवटी साहेबाबरोबरच्या जवानांनी स्वतः पेटारे डोक्यावर घेतले आणि ते बघायला आमच्या म्हाताऱ्या लुगडी सावरत पळाल्या. हे मात्र खरं.

मग भाऊ वरच्या गावाला गेला, त्यांनीही खांदा काढावा हे सांगायला. लवकर परतला नाही. आई वाटेकडं डोळे लावून बसायची. वडील म्हणायचे, भाषण लांबलं असंल.

एका दुपारी हाळी आली. आम्ही चिंचेखाली बसलेलो. लांबून दिसला एक जवान, चार बेगारी आणि वर चादर टाकलेली बाज. साहेबानं झोपायचं सामान पुढं धाडलं, असंच सगळ्यांना वाटलं. बाज दगडापाशी टेकली. पुन्हा हाळी. जवानानं बेगाऱ्यांना माघारी हाकललं. आमच्यातलं कुणी हललं नाही.

वडील तंबाखू मळत म्हणाले, "बाजेला चार पाय हायत की. यील चालत."

लय हसलो आमी.

उन्हं कलल्यावर त्या चौघांतला एकजण जवानाची नजर चुकवून रानातून धावत आला.

"तुमचाच हाय रं त्यो. चावडीत लय मारलं. आमी ठिवला तवा जित्ता व्हता."

आम्ही पळालो. चादरीखाली भाऊ. उशाशी एक तांब्या, त्या बेगाऱ्यांनी ठेवलेला, भरलेला. त्याचा हात त्या तांब्याकडं निम्मा जाऊन थांबला होता.

सगळे बाजेभोवती नुसते उभे. वडिलांच्या मुठीत तंबाखू तशीच होती. मागून आई आली. तिनं चादर नीट केली आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "आता तरी उचला."

चौघांचं ओझं. खांदा द्यायला अख्खी वस्ती एकदम पुढं झाली, आणि त्या गर्दीत बाज कितीतरी वेळ जागची हललीच नाही.

यातलं काही मी वाढवून सांगितलेलं नाही.