रिबूची वंशावळ

माझी आत्या शब्दकोशाच्या कचेरीत इंग्रजी शब्दांची कुळं शोधायची. शब्दाचा बाप कोण, आजा कोण, पणजा कुठल्या भाषेतला, हे खणून काढल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पंडितानं (हे नाव आम्ही घरी ठेवलेलं) तिनं शोधलेली अख्खी कुळं ढापून स्वतःच्या नावावर पुस्तक काढलं. आत्याचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. ती साहेबांकडे गेली, तर साहेब म्हणाले, "शब्द काय कुणाच्या मालकीचे असतात का, बाई?"

आत्या गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, कुणाची तरी शंभरी भरली.

पंडिताच्या दुसऱ्या पुस्तकाची कुणकुण लागताच तिनं 'रायव्हल' हा शब्द काढला. रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी. इथवर सगळं खरं. त्याच्या मागे तिनं आणखी एक खापरपणजा स्वतः घडवून चिकटवला, 'रिबू', आणि कागद टेबलावर उघडा टाकून चहाला गेली.

रिबू म्हणजे मी. लहानपणी केसांतली रिबीन चघळायचे, म्हणून आत्यानं ठेवलेलं नाव.

प्रकाशनाच्या दिवशी पंडितानं नेमका तोच उतारा घोळवून घोळवून वाचला. आत्या उठली. "हा रिबू कुठे सापडला हो तुम्हाला?"

"एका जुन्या शिलालेखात," पंडित म्हणाला. "मी स्वतः वाचलाय."

"शिलालेख कसला डोंबलाचा! ही बसलीय माझ्या शेजारी. रिबू, ऊठ गं."

मी उठले. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. पंडितानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तो सगळा शर्टावर सांडला. पुस्तक मागे घ्यावं लागलं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण कचेरीनं आत्यालाही सोडलं नाही. एक कूळ खोटं रचणाऱ्या बाईची बाकीची कुळं खरी कशावरून? तिनं जन्मभर शोधलेलं सगळं नव्या कोशातून काढून टाकलं. ज्यासाठी ती भांडली, तेच गेलं. हे ऐकून मला रडू आवरेना.

"रडतेस काय वेडे?" आत्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "पाणी सांडलं तेव्हा त्याचं तोंड कसं झालं होतं? पुन्हा एकदा सांग."