कोपऱ्यावरची माणसं

नाशिकहून निघताना आमच्या अपघात विभागातल्या सिस्टर माझ्या बॅगेकडे बघत हसल्या. वर स्टेथोस्कोप होता ना! "मॅडम, सुट्टीवर चाललाय म्हणे?" मी म्हटलं, "अगं, सवय आहे. तुम्ही लोक चहा पिताना पण घड्याळ बघता, तसंच." चोवीस वर्षं अपघात विभागात काढली आहेत. माणूस दारातून आत आला की त्याच्या चेहऱ्यावरून मी निम्मं सांगते, आणि त्याचा मला चांगलाच तोरा आहे. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे तो उतरणार आहे.

बेत साधा होता. साताऱ्यात उतरायचं, औंधला यमाईचं दर्शन घ्यायचं, मग कऱ्हाडवरून आष्ट्याच्या बाजूला गौरीकडे चार दिवस राहायचं. गौरी माझी जुनी विद्यार्थिनी. तिकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ती डॉक्टर आहे आणि दोन वर्षं "मॅडम, एकदा या, आमचं काम बघा" म्हणून मागे लागली होती. मी मनात म्हणायची, मी काय बघणार? तूच मला विचारशील. गणपती नुकतेच उठले होते, पावसाने उघडीप दिली होती, म्हणून निघाले.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि भाड्याची गाडी करून औंध गाठलं. यमाईच्या डोंगराला पायऱ्या आहेत. निम्म्यात आले तोच वर गलका झाला. एक उपाशीपोटी आलेले आजोबा चक्कर येऊन पडले होते. मी दम लागलेला असतानाही धावले, "बाजूला व्हा, मी डॉक्टर आहे!" जाऊन बघते तर एका धनगराने त्यांना सावलीत आडवं केलेलं, आपल्या घोंगडीची वळकटी पायांखाली घातलेली, सदऱ्याची गुंडी सोडलेली. आजोबा डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. मी नाडी बघितली, छाती तपासली, चार प्रश्न विचारले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"कुठे शिकलात हो हे?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? मेंढरू बी उनाचं असंच पडतं," तो म्हणाला. "पानी आत्ताच देऊ नका म्हंजी झालं. जरा नीट शुद्धीवर येऊ द्या."

मी हेच सांगणार होते. तोंड मिटून दर्शनाला गेले.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडजवळच्या मलकापुरात आख्खा मसूर आणि भाकरी हाणली. तो मसूर म्हणजे काय वर्णावा! झणझणीत, वर कांदा, आणि वाढणारा सारखा "घ्या की, लाजू नका" म्हणत उभा. मग आष्ट्याच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंनी ऊस, गाडीच्या टपाहून उंच. मध्येच हळदीची हिरवीगार रानं. गौरीने सांगितलं होतं, मुख्य रस्ता सोडू नका. पण मोबाइलने जवळची वाट दाखवली आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, घे आत. दहा मिनिटांत आम्ही एका पाणंदीत (शेतातून जाणाऱ्या वाटेत) अडकलो. पुढे ऊस, मागे ऊस, आणि मोबाइल म्हणतोय, सरळ जा.

शेजारच्या हळदीच्या रानात एक तिशीची बाई भांगलण (खुरप्याने तण काढणं) करत होती. आमची फजिती बघून पदर तोंडाला लावून हसली.

"मोबाइलला इचारलंत व्हय? मानसाला इचारायचं की वो!"

तिचं नाव शालन. नवरा फौजेत, तिकडे वर बर्फात. घरी ती, सासू आणि दोन म्हशी. "गौरी म्याडमकडं जायाचं? मंग फुडच्या वडापासनं डावीकडं वळा. चुकलासा तर परत हितंच येनार तुमी," असं म्हणून तिने आमची गाडी मागे घ्यायला वाट दाखवली. पुन्हा चुकलो नाही, एवढं नमूद करते.

गौरीचं आरोग्य केंद्र म्हणजे पाच खोल्या, समोर चाफा आणि स्वच्छ फरशी. तिथे दोन माणसं भेटली. एक सुनंदा सिस्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर. दुसरे सुभेदार तात्या, रुग्णवाहिकेचे चालक. फौजेतून निवृत्त झालेले, मिश्या अजून नोकरीवर. संध्याकाळी चहा पिताना मी त्यांना विचारलं, "या उसाच्या जंगलात तुम्हाला पेशंटचं रान सापडतं तरी कसं?"

"मानसं उभी ऱ्हात्यात," तात्या म्हणाले. "सांगावा आला, की देवळाच्या भोंग्यावरनं पुकारत्यात, अमक्याच्या रानात गाडी चाललीया. मंग ज्याच्या रानाला कोपरा हाय, त्यो टावेल वर धरून कोपऱ्यावर उभा. टावेल जिकडं, तिकडं गाडी. कोपरा मोकळा सोडायचा न्हाई, म्याडम. एक कोपरा मोकळा ऱ्हायला की मानूस गेला."

मला मोठं गमतीचं वाटलं. नाशिकला जाऊन सांगायला एक किस्सा झाला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी गौरी सांगलीला बैठकीला गेली. जाताना म्हणाली, "मॅडम, काही लागलं तर सिस्टर आहेत." मला जरा लागलंच ते. मी बसले असताना सिस्टर आहेत?

साडेअकराच्या सुमाराला भोंगा वाजला. हळदीच्या रानात बाईला पान (साप) लागलं. नाव कानावर आलं. शालन.

तात्यांच्या शेजारी मी, मागे सिस्टर. मुख्य रस्ता सोडला आणि पहिल्याच वळणावर एक म्हातारा टॉवेल वर धरून उभा. पुढे एक बाई, हातात खुरपं, दुसऱ्या हातात पदर उंच धरलेला. मग टोपी वर धरलेला एक गडी, मग आणखी एक. कोणी ओरडत नव्हतं, कोणी गाडीमागे धावत नव्हतं. गाडी गेली तरी ते जागचे हलत नव्हते, परतीसाठी. त्या उसाच्या भिंतींमधून आमची गाडी हातोहात पुढे दिली जात होती. मला किस्सा वाटलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती.

शालनला त्यांनी बांधावर आडवं ठेवलं होतं, चालू दिलं नव्हतं. कोणी साप मारत बसलं नव्हतं. एकाने लांबून फोटो काढून ठेवला होता. नाग. डाव्या पायाच्या घोट्याजवळ दंश. पण पोटरीच्या वर म्हशीचं दावं करकचून आवळलेलं, आणि खालचा पाय काळानिळा. पापण्या जड झालेल्या, बोलणं जिभेवर अडकत होतं. तिला गाडीत घेतलं, सासूलाही घेतलं आणि पाच मिनिटांत केंद्रात आणलं.

पाय बघून माझं डोकं फिरलं. "कोणी बांधलं हे दावं? पाय घालवायचाय का हिचा? इतकं सांगून सांगून थकतो आम्ही!" सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "म्याच बांदलं वो. इख वर चढू नये म्हून." मी आणखी दोन शब्द सुनावले आणि ट्रेमधली कात्री उचलली.

माझ्या मनगटावर हात पडला. सुनंदा सिस्टरचा.

"मॅडम, थांबा."

चोवीस वर्षांत माझा हात कोणी धरला नव्हता. मी त्यांच्याकडे असं बघितलं असेल की कॉलेजातल्या पोरी रडल्या असत्या. त्या हलल्या नाहीत.

"दावं तोडलं की अडकलेलं विष एकदम वर जाईल. आधी सलाईन, औषध सुरू होऊ दे. श्वासाची बॅग हाताशी घेऊ. मग हळूहळू सैल करू. मी एकदा बघितलंय, मॅडम. दावं सोडलं आणि बाईचा श्वास तिथंच थांबला. तयारी नव्हती आमची."

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण आमच्याकडे येतात ते गाडीचे अपघात, हृदयाचे झटके. सर्पदंश वर्षाला एखादा, आणि दावं बांधलेला तर कधीच नाही. रागाच्या भरात पुस्तकातलं सगळं पुसलं गेलं होतं. मी कात्री खाली ठेवली. "सांगा सिस्टर, काय काय तयार आहे?"

सगळं तयार होतं. विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. रिॲक्शन आली तर लागणारं इंजेक्शन भरून ठेवलेलं, नसांची ताकद परत आणणारं इंजेक्शन दिलेलं. मग सिस्टरनी दावं एकेक पीळ करत सैल केलं. काही मिनिटांत शालनची छाती उथळ झाली, ओठांचा रंग बदलला, आणि श्वास थांबला. सिस्टरनी त्याच क्षणी मास्क लावून बॅग दाबायला घेतली. मग माझं काम आलं. श्वासनलिकेत नळी घालणं मला येतं, आणि तीही पहिल्याच प्रयत्नात बसली. एवढा मान स्वतःला देते.

कऱ्हाडच्या मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटर होता. तिथवर बॅग हातानेच दाबत न्यायचं होतं. केंद्रातून निघालो तेव्हाही मुख्य रस्त्यापर्यंत प्रत्येक कोपऱ्यावर माणूस उभा होताच. मुख्य रस्त्यावर तात्यांनी गाडी अशी चालवली की वेग होता, धक्का नव्हता. एकदा सिस्टर, एकदा मी, आळीपाळीने बॅग दाबत होतो. आणि सिस्टर पूर्ण वेळ शालनशी बोलत होत्या.

"शालन, तू जागी हायस, ठावं हाय मला. डोळं उघडत न्हाईत, हात हलत न्हाई, पर ऐकू येतंय न्हवं? भिऊ नगंस. श्वास आमी देतोय. आता आष्टा गेलं. आता पेठ नाका आला बघ."

नागाचं विष अंग लुळं करतं, शुद्ध हरपत नाही. हेही मला माहीत होतं. पण त्या निश्चल चेहऱ्याशी बोलावं हे मला सुचलं नव्हतं. मी फक्त आकडे मोजत होते. पुढे बसलेल्या सासूबाई सारख्या वळून विचारत होत्या, "चुकलंच न्हवं माजं?"

दोन दिवस मी कऱ्हाडातच थांबले. दवाखान्याच्या बाकावर सासूबाईंशेजारी बसले आणि त्यांची माफी मागितली. "तुम्ही तिला जगवायलाच बांधलंत. पुढच्या वेळी फक्त बांधू नका." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पिशवीतून भाकरी, खर्डा काढला. "खावा आधी. तोंड कसं झालंय बगा तुमचं!" तो खर्डा तिखटजाळ होता, म्हणून माझ्या डोळ्यांतलं पाणी कोणाला खटकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालनची नळी काढली. पाय वाचला होता. गौरी, सुनंदा सिस्टर, सासूबाई आणि मी कॉटभोवती उभ्या. घसा बसलेला, आवाज खरखरीत. नवऱ्याचा फोन येऊन गेला होता, तो निघाला होता. तिने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि नजर माझ्यावर थांबवली.

"समदं ऐकू येत हुतं मला," ती म्हणाली. "तुमी आत्तींवर लय वरडलासा."

मी मान खाली घातली. "हो गं. चुकलं माझं."

"पर सिस्टरचं ऐकलंसा." ती हसली, तेच पदराआडचं हसू, फक्त पदर नव्हता. "मानसाला इचारलं की वाट गावती, म्हनलं न्हवतं मी?"

सुनंदा सिस्टर चष्मा पुसायला खिडकीकडे गेल्या. गौरीने मुद्दाम शालनचा केसपेपर वाचायला घेतला. माझी विद्यार्थिनी शहाणी आहे.

नाशिकला आले. पेढे वाटले, आख्ख्या मसुराचं वर्णन करून सगळ्यांच्या तोंडाला पाणी आणलं. हाताखालचे डॉक्टर अजून मला बिचकतात, पण आता काही तोडायच्या आधी, काही सुरू करायच्या आधी मी सिस्टरकडे बघून विचारते, "तयार आहे का सगळं?" पहिल्या दिवशी त्या घाबरल्या. हळूहळू सवय होतेय, त्यांनाही आणि मलाही.

गेल्या आठवड्यात आमच्या दवाखान्यासमोरच्या रस्त्याचं खोदकाम निघालं आणि पुढचं फाटक बंद झालं. एका गावाहून रुग्णवाहिका येत होती, आत बाळंतीण, रक्तस्राव थांबत नव्हता. चालकाचा तिसऱ्यांदा फोन आला, मॅडम, मोबाइल सारखा बंद रस्त्याकडेच वळवतोय. आत सगळी तयारी झाली होती, मी दोनदा विचारून घेतलं होतं. मग मी दार ढकलून बाहेर पडले. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्ही कशाला? वॉचमनला पाठवू ना!"

वॉचमनला मी अलीकडच्या चौकात पाठवलं. पलीकडच्या कोपऱ्यावर स्वतः उभी राहिले. टॉवेल नव्हता, म्हणून ओढणी वर धरली. येणारेजाणारे बघत होते, बघू देत. लांबून सायरन ऐकू आला, गाडी दिसली, चालकाने माझ्या हाताकडे बघितलं आणि न थांबता बरोबर वळला.